विमानाने दोनच तास

हेमराज,

कुलूप उघडलंस, म्हणजे शेजारच्या कमलबाईने किल्ली दिली. मी तुझ्या बेबीमावशीकडे रावेरला जाते आहे. तुझी वाट बघायची होती ती काल बघून झाली.

"दिल्लीहून मुंबई विमानाने दोनच तास, आखाजीच्या सकाळी धुळ्यात असेन," असं तू फोनवर म्हणालास. मी गल्लीभर सांगत फिरले. तुझे वडील गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. त्यांच्या नावाची घागर मुलाने भरायची, म्हणून सगळे भाऊबंद दुपारपर्यंत उपाशी बसले. मग तुझा फोन आला, की साहेबांनी मीटिंग लावली, उद्या निघतो.

घागर भिकनने भरली. तुझा चुलतभाऊच तो. वरणगावच्या फॅक्टरीतली रात्रपाळी करून एसटीत उभ्याने आला होता. चुलीतले निखारे काढून पितरांच्या आगारीत घासही त्यानेच टाकला.

सांजोऱ्या डब्यात आहेत. तुझ्यापुरत्याच खा, बायकोला नेऊ नकोस. गेल्या वेळच्या तिने मोलकरणीला दिल्या होत्या.

देवघरापुढे दोन घागरी दिसतील. वर डांगर ठेवलेली मोठी तुझ्या वडिलांची. शेजारची लहान मी स्वतः भरली. भिकनने विचारलं, "काकू, हाई कोनी शे?" मी तुझं नाव सांगितलं. पोरगा रडायला लागला. मी नाही रडले.

आखाजीला घागर मेलेल्या माणसाचीच भरतात. दिल्लीत राहून विसरला असशील, म्हणून लिहिलं.

भिकनची काकू