ताईच्या वाट्याचं इंजिनिअरिंग

फतेगंज, बडोदे
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. तुझं लग्न ठरल्यापासून माझा नंबर तू ब्लॉक केलायस, म्हणून स्पीड पोस्टाने पत्र. न वाचता फाडू नकोस.

आई बरी आहे, गुडघे कुरकुरतात. आबा निवृत्त झाले तरी पहाटे पाचला उठून साऱ्या घराला कामाला लावतात. मिरजेला सगळे मजेत ना?

परवा खंडेनवमी झाली. पणजोबांच्या तलवारीशेजारी आबांनी माझा कॅल्क्युलेटर मांडला. "तलवारीनंतर आपल्या घरात आता हेच शस्त्र," असं शेजारच्या यशश्रीकाकूंना सांगत होते. मी हळदकुंकू वाहिलं. कॉलेजातून माझं नाव जूनमध्येच कमी झालंय.

पहिल्या वर्षाचं फिजिक्स तिसऱ्यांदा राहिलं. बारावी कॉमर्स केलेल्याचं दुसरं काय होणार? प्रवेशाच्या टेबलावरचे साहेब म्हणाले होते, "फिझिक्स? ए तो थई जशे, ब्रिज कोर्स छे ने." होऊन जाईल म्हणे! कच्च्या मुलांसाठीचा तो कोर्स बारा दिवस चालला. हल्ली रोज डबा घेऊन निघतो आणि कमाटी बागेत बसून येतो.

साहेब खोटं बोलले, पण मीही बोललो. तू बारावी होऊन वर्षभर घरी बसली होतीस. प्रवेशाआधी आबांनी मला विचारलं, "जमेल ना रे? नाहीतर राजेश्वरीला पाठवतो. तिला फिजिक्सला एक्क्याण्णव आहेत." हे तुला कुणीच सांगितलं नाही. सायन्सला घाबरून पळालेला मी, तरी म्हणालो, जमेल. महिन्याभरात तुझं लग्न ठरलं.

काल सोनं देताना आबांच्या पाया पडलो आणि सगळं सांगून टाकलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "एवढंच ना? राजेश्वरीला बोलावून घेतो. मार्चपर्यंत राहील, शिकवेल तुला." आता शिकून काही उपयोग नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही. सासरी राहून, सगळ्यांची मनं सांभाळत तू बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला पोचलीस, हे तर त्यांच्या गावीही नाही.

पुढच्या रविवारी ते फोन करतील. मग माझ्या हातात देतील, आणि मी "ये ना ताई" म्हणेन. आबांसमोर मला नाही म्हणता येत नाही, तुला ठाऊक आहे. माझं ऐकू नकोस. आई रडली तरी येऊ नकोस.

माफी मागत नाही. मागितली तर तू माफ करशील, आणि बॅग भरशील.

तुझी जागा घेऊन ती वाया घालवलेला,
शौर्य