हळद लावलेलं मांस

बाबा, आधी एक चूक दुरुस्त करते. चौकशीला आलेल्या साहेबांना मी सांगितलं होतं की, "हे गाईचं आहे" असं तुम्ही म्हणालात. पुढं मैत्रिणींना, नवऱ्याला, अगदी नोकरीच्या मुलाखतीतही मी तेच सांगत आले. ते शब्द माझे होते. मी दहा वर्षांची होते, तुमच्या जनावरांच्या दवाखान्यात टेबलाशी उभी होते, आणि तुम्ही वाढदिवसाला दिलेलं भिंग माझ्या हातात होतं.

शाळेत जायच्या आधी मी अक्षरं काचपट्ट्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून शिकले. बैल, गाय, म्हैस, गावाचं नाव, तारीख. आई चुलीवर मटण शिजवायची आणि तुम्ही परातीतला तुकडा उचलून दाखवायचात, बकऱ्याची चरबी पांढरी, टणक. म्हशीचीही पांढरी. गाईची पिवळसर. मी ते पाढ्यासारखं पाठ केलं. पुढं एका वर्षी शिवारात फाशीच्या रोगानं, म्हणजे अँथ्रॅक्सनं, बैल पडला. नाकातून काळं रक्त ओघळत होतं आणि मी त्याकडे बोट नेलं. तुम्ही इतक्या जोरात थोबाडीत मारलीत की मी कापसाच्या पऱ्हाटीच्या तासात पडले, ओठ फुटला. लोक सुऱ्या घेऊन आले होते, कातडं काढायचं होतं त्यांना. तुम्ही बैलाच्या अंगावर पाय रोवून उभे राहिलात. "आधी मले कापा," म्हणालात. कानाच्या शिरेतून एक थेंब रक्त काचेवर घेतलं आणि बाकी सगळं खड्ड्यात, चुन्याखाली. संध्याकाळी सूक्ष्मदर्शकात मला जंतूंच्या निळ्या काड्या दिसल्या, भोवती गुलाबी पदर. तेव्हा तुम्ही माझ्या ओठाला हळद लावत म्हणालात, "आता नाव घे रोगाचं. दिसल्याबिगर घेऊ नोको, बाई. नाव तोंडातून गेलं का वापस येत नाही."

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून तर सांगते आहे.

मी दहा वर्षांची होते त्या हंगामात कापसाच्या गाड्या खरेदी केंद्रासमोर तीन-तीन दिवस उभ्या होत्या. भाव पडलेला, माप बंद, माणसं उन्हात बसून पेटलेली. आणि समोरच आपला दवाखाना. दुपारी त्यांनी चाचांना ओढत आणलं. तुमची लूना दुरुस्त करणारे, मला स्पोकचे मणी देणारे चाचा. शर्ट फाटलेला, कानातून रक्त. कुणीतरी त्यांची पिशवी टेबलावर उलटी केली आणि मांसाचे तुकडे पडले.

"सायेब, म्हशीचं आहे," चाचा म्हणाले. "बहिनीच्या घरी मंगनी आहे, नेऊन राह्यलो. तुम्ही तं वळखता मले."

"तू चूप बस बे! सायेब, सांगा, कायचं आहे?"

तुम्ही एक तुकडा उचलला, नाकाशी नेला, बोटं एकमेकांवर घासून पाहिली. मग बाटली काढली आणि चिठ्ठी लिहायला घेतलीत. "नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. डोयानं सांगता येत नाही."

"पंधरा वर्सं झाले ढोरं पाहून राह्यले, अन् डोयानं सांगता येत नाही? का तुमालेबी वाटा भेटते?"

लोक हसले. तुम्हाला हसले, ते मला सहन झालं नाही. मी भिंग चरबीवर धरलं. चरबी पिवळी होती. मी मोठ्यांदा म्हणाले, "गाईचं आहे. बाबांनीच शिकवलं मला."

कुणीतरी बैलगाडीच्या कडेची उभारी, तो लाकडी दांडा, उपसून आणली होती. पहिला फटका चाचांच्या पाठीवर बसला, दुसरा तोंडावर. मग त्यांनी चाचांचा उजवा हात पायरीच्या दगडावर धरला आणि उभारीनं ठेचला. चार वेळा. मी मोजलं. हाडाचा आवाज वाळल्या पऱ्हाटीसारखा असतो. तुम्ही चाचांच्या अंगावर पालथे पडलात तेव्हा फटके तुमच्यावर पडू लागले. तुमच्या दोन बरगड्या गेल्या. चाचांच्या हाताची तीन बोटं.

रात्री इस्पितळाच्या खाटेवरून तुम्ही एवढंच म्हणालात, "तू काही बोलली नाही. मी बोललो. ध्यानात ठेव." आणि भिंग परत मागितलंत. दुसरी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. महिन्याभरानं अहवाल आला. मांस म्हशीचंच होतं: तपासणीच्या जेलीत म्हैस ओळखणाऱ्या रक्तजलासमोर पांढरी रेघ उमटली होती, गाय ओळखणाऱ्यासमोर नाही. मांस टिकावं म्हणून चाचांच्या घरी त्याला हळद-मीठ चोळलं होतं. तुम्ही बोटं घासून ती हळदच तर पाहत होतात. तुमची बदली पुसदकडे झाली आणि दोन वर्षांत तुम्ही गेलात. भिंग आईनं माझ्या लग्नात दिलं.

आता मी अशाच प्रयोगशाळेत आहे. चिमूटभर मांस, त्यातला डीएनए, आणि संध्याकाळपर्यंत प्राणी कोणता ते कळतं. मी प्रत्येक नमुना दोनदा लावते. सोबतचे हसतात. पिवळा तुकडा आला की मी आधी तो धुते आणि पाणी पाहते.

मागच्या महिन्यात पांढरकवड्याला चाचा दिसले. दुरुस्तीचं दुकान तेच, पाना डाव्या हातात. त्यांनी मला ओळखलं, स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. मग तो ठेचलेला हात पुढं केला. त्या दिवशी फुटलेल्या कानानं त्यांना माझा शब्द ऐकू आला नव्हता, चौकशीत मी सांगितलं तेवढंच त्यांना ठाऊक होतं. "तुझ्या बापाले मी भाई म्हणत होतो, बेटी. एका शब्दानं खाल्लं त्यानं मले. मग अंगावर येऊन पडला, त्याचं काय करू मी?" मी चहा पिऊन उठले. खरं न सांगता, तुमचं नाव त्या पायरीच्या दगडावर तसंच ठेवून आले.

तुम्हालाही न सांगितलेली एक गोष्ट आहे. मी "गाईचं" म्हणाले तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पोट्टी हुशार आहे!" आणि पहिला फटका पडेपर्यंत मला आनंद झाला होता. हेही चाचांना सांगायचं आहे. भिंग सोबत नेईन. हे पत्र त्याच्याच डबीत राहील. पोळ्याला त्यांचं दुकान बंद असतं, म्हणून दुसऱ्या दिवशी जाईन. तान्हा पोळा, येता मंगळवार, सकाळच्या पहिल्या एसटीनं.