जिचा जीव, तिला विचारा

आबा, तुम्ही गावचे गुरव, गावदेवीची पूजाअर्चा करणारे, आणि मी तुमची देव न मानणारी लेक. तरी आयुष्यात जे काही खरं मानलं ते तुमच्याकडूनच उचललं. ते कसं, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. आज सांगते.

स्वातंत्र्य येऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मुळशीच्या धरणाच्या वरच्या अंगाला आपलं गाव, आणि गावाचं सगळं अडलंनडलं तुमच्या पुढ्यात येऊन बसायचं. सोयरीक जुळवावी का, हरवलेला बैल कुठल्या दिशेला शोधावा. तुम्ही दोन ओल्या कळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायचात आणि मंडळी श्वास रोखून बघत बसायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हा कौल. बैल कौलामुळे सापडला की चरून चरून कंटाळला आणि आपणहून घरी आला, याची चौकशी कोणी करत नसे. गावाचं बरं चाललं होतं आणि आपलंही, कारण सुगीला घराघरातून गुरवाच्या वाट्याचं धान्य यायचं.

मग आई अडली. रात्रभर कळा देऊन सकाळ झाली तरी सुटका नाही. मी तिच्या उशाशी बसलेली, तिचा हात माझ्या हातात. सुईण बाहेर गेली आणि तुम्हाला म्हणाली, “मूल आडवं हाय. ह्ये माज्या हातचं काम न्हाई. पौडच्या दवाखान्यात न्या.” पौडला न्यायचं तर डोली हवी, डोलीला खांदेकरी हवेत, आणि कौल घेतल्याशिवाय आजारी माणूस शिवेबाहेर काढायचा नाही ही आपल्या गावाची रीत. तुम्ही अंगण ओलांडून देवळात गेलात, कळ्या लावल्यात. डावी पडली.

देवळात जमलेले सगळे गावकरी तुमच्या मागोमाग आपल्या अंगणात आले. पाटील म्हणाले, “गुरवा, नकार आलाय. आता तिला हलवायची न्हाई. देवीच बघून घेईल.” तुमचा आवाज मला आतून ऐकू आला आणि आजही तसाच ऐकू येतो. “देवीला इचारून झालं, पाटील. आता जिचा जीव हाय तिला इचारतो.” तुम्ही आत येता, आईजवळ उकिडवे बसता. सगळं गाव बाहेर ऐकतंय, आणि तुम्ही बायकोला विचारता, “डावी पडलीया. तुजं काय म्हननं हाय?” आई ओठ चावून म्हणते, “मला जगायचं हाय. न्या मला.” तिला तोवर कोणी काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. तिचं लग्नसुद्धा कौलानंच ठरलेलं.

गावातला एकही खांदा पुढे आला नाही. तेव्हा तुम्ही स्वतः खालच्या कातकरी वाडीत गेलात आणि तिघांना घेऊन आलात. कोणीतरी ओरडलं, “गुरवाच्या बायकोला कातकऱ्याचा खांदा चालतोय व्हय?” तुम्ही घोंगडीची झोळी बांबूला बांधत होतात. मान वर न करता म्हणालात, “तुमचा हाय का? न्हाई ना? मग वाट सोडा.” चौथा खांदा तुमचा होता. मी मागून पळत होते, रडत होते, आणि खरं सांगते आबा, रडता रडता मला तुमचा इतका अभिमान वाटत होता की पायातला काटासुद्धा पौडला पोचल्यावर जाणवला. आई वाचली. भाऊ निळाजांभळा निपजला, डॉक्टरांनी पाठीवर थोपटलं तसा असा काही बोंबलला की तिघे कातकरी बाहेर टाळ्या वाजवायला लागले.

त्या सुगीला आपल्या घरी धान्य आलं नाही. नाचणीची पेज पिता पिता मी चिडून विचारलं होतं, “आबा, कळी तुमच्याच हातानं लावायची होती. उजवी जरा सैल लावली असती तर?” तुम्ही हातातली वाटी खाली ठेवलीत. मग म्हणालात, “तुजी आई तेवढी वाचली आसती. पुडच्या बाईला गाव परत कळ्याच लावत बसलं आसतं.” लबाडी करून भलं करणं तुम्हाला सहज जमलं असतं. तुम्ही उपास पत्करलात. पुढे मी मोठमोठ्या विद्वानांची भाषणं ऐकली, माणुसकीवरची आणि विवेकावरची, पण त्या पेजेच्या वाटीसमोर मला ती सगळी पाणचट वाटली.

आणि मग तो दिवस! पाटलांची सून अडली. पाटील स्वतः देवळात आले, पागोटं हातात घेऊन. “गुरवा, कौल लाव.” तुम्ही गाभारा झाडत होतात. म्हणालात, “पूजा करीन, दिवा लावीन, पर आजाऱ्याचा कौल आता ह्या हातानं लागनार न्हाई. घरी जावा आन् पोरीला इचारा.” पाटील लालबुंद झाले. मला वाटलं, आता हे आपल्याला गावातून हाकलणार. ते पाय आपटत निघून गेले. आणि थोड्या वेळानं वाड्यातून डोली निघाली. पुढच्या खांद्याला खुद्द पाटील, त्यांच्या बरोबरीनं तुम्ही, मागे वाडीतले दोघे. शिवेवर कोणी थांबलं नाही. आपण जिंकलो होतो आबा, आणि कोणालाही हरवलं नव्हतं!

आपल्या गावात आजाऱ्याचा कौल पुन्हा लागला नाही. सुगीचं धान्यही परत सुरू झालं. मी नर्स झाले, मुळशीच्या डोंगरवाड्या पालथ्या घातल्या. सासू, नवरा, भगत सगळे एकदम बोलायला लागले की मी त्यांना बाहेर काढायचे आणि खाटेवरच्या बाईला विचारायचे, “तुजं काय म्हननं हाय?” पहिल्यांदा त्या गोंधळून जायच्या. मग बोलायच्या. त्यातल्या कितीतरी आज नातवंडं खेळवतायत.

तुम्हाला मात्र मी हे कधीच विचारलं नाही, की डावी पडली तेव्हा तुम्हाला भीती वाटली का? आता विचारून उपयोग नाही. मेलेलं माणूस कुठेही नसतं असं मी मानते, आणि हा कागद पाठवायला जागा नाही म्हणून तो घरातच राहणार. पण एक कबूल करते. तो प्रश्न लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं आणि तुमच्या उत्तराची वाट बघत बसले.