बांगड्यांची कमान

१२ जाने.
मधुरा पुन्हा माझ्या बांगड्यांच्या दुकानात. पुण्याची, काचेची शिल्पं करते. जुन्नरच्या जुन्या बाजारात वीस फुटी कमान उभारणार, विधवांच्या फुटलेल्या बांगड्यांची. "काकू, तुमच्या आहेत का?" हे गेले तेव्हा जावेनं माझा हात धरून दगडावर आपटला. ते तुकडे कोण जपतं?

२५ जाने.
मधुराला घेऊन मढ गावी गेले. तिच्याशी कुणी बोलेना, माझ्याशी बायका बोलल्या. सखूबाईंनी कणगीमागून फडकं काढलं. तुकडे! नवऱ्यामागं इतकी वर्षं जपलेले, पोरालाही ठाऊक नाही. माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तू हायेस म्हून देते." उद्या लोणी गावाला.

११ फेब्रु.
कमान उभी. ऊन आलं की फरशीवर हिरवं-लाल सांडतं. खरंच देखणी झालीय.

१३ फेब्रु.
उद्घाटन. कार्यक्रम समितीचे अध्यक्ष वाटेतच आडवे आले. "वहिनी, समईला पाच सवाष्णी बोलावल्यात. तुमी खुर्चीवर बसा निवांत." मधुरा शेजारीच होती. म्हणाली, "काकू, आज वाद नको ना." पाचांत माझी जाऊ. नवी पैठणी. मग मधुराचं भाषण, विधवांच्या धैर्यावर. माझं नावही घेतलं. टाळ्या. मीपण वाजवल्या. त्याचीच जास्त चीड येतेय.

१४ फेब्रु.
सखूबाईंचा फोन. "आमाला न्यायला गाडी यायची व्हती ना?" म्हटलं, गर्दी लई व्हती. धडधडीत खोटं. गाडी कुणी पाठवलीच नाही.

२० फेब्रु.
मधुरा पेढे घेऊन आली. "रागावलात?" म्हटलं, नाव नसतं घेतलंस तरी चाललं असतं. हाताला धरून समईपाशी न्यायचं होतंस. आणि मढला जाऊन तूच सांग त्यांना. रडली. पाणी दिलं. पेढे परत दिले.

२६ फेब्रु.
सकाळी शिनोलीहून फोन. मुलीचं लग्न, नवरीला चुडा, घरच्या सगळ्याजणींना बांगड्या. बाई भरभरून बोलत होती. "तुमची कमान बघितली, डोळ्यांत पाणी आलं वो." मग विचारलं, "भराय कोण येणार?"
"मीच. पहिल्यापासून मीच भरते."
मग, "तसं न्हाई, पण... घरात इचारून सांगते."
हिरव्या बांगड्या मापाप्रमाणं लावून ठेवल्यात. दुपार झाली. फोन नाही. आपण करावा का? नको. का म्हणून करायचा?