शिलाई मशीनचं तेल

वाशीम, रविवार संध्याकाळ

बाबांची जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार आज, ते गेल्यावर पहिल्यांदाच, धड चालली. महिनाभर नुसते आचके देत होती. कार्ब्युरेटर मी कितीदा उघडला! मग आठवलं, बाबा त्यात आईच्या शिलाई मशीनचं तेल चोरून घालायचे. त्या बाटलीवरून आई किती भांडायची!

आज मी मागितली, तर तिनं मुकाट्यानं दिली. गळ्यापर्यंत भरलेली. थोडंसं घातलं आणि रिठदपर्यंत जाऊन आले, एक आचका नाही.

पण ती बाटली मनातून जाईना. डोळ्यांपायी आईनं शिवणकाम तर बाबा असतानाच सोडलं होतं. शेवटी विचारलंच, "मशीन कधीची बंद आहे, मंग तेल काहून आणत होती तू?"

आई म्हणाली, "त्यायले चोरून न्याले काहीतरी पायजे ना."