आसराला आलेली लेक

१८ ऑक्टोबर, शनिवार

आखाड्यावर पोचले, आणि पोचण्याआधीच हसं करून घेतलं. इकडे शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. वसतिगृहातल्या माझ्या मैत्रिणीने, रोहिणीने, 'दिवाळीत आमच्या आखाड्यावर चल' म्हटल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर तांबडी माती आणि पैलवान. राणीसावरगावला एसटीतून उतरताना तसं बोलून गेले, तर रोहिणी स्टँडवरच पोट धरून खाली बसली. तिचा भाऊ नागेश ट्रॅक्टर घेऊन आला होता. त्याला तिने लगेच सांगितलं. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, बरं झालं आल्या, आमाला एक पैलवान कमीच पडायलता.

ओढा ओलांडताना ट्रॉलीतली माझी बॅग पाण्यात गेली. नागेशने उडी मारून काढली, पण एकही कपडा अंगावर घालण्यासारखा राहिला नाही. ही वही आणि फोन झोळीत होते म्हणून वाचले. मी रोहिणीचा पंजाबी ड्रेस घालून बसले आहे. तो मला अगदी बरोबर होतो.

घर मोठं नाही. दोन खोल्या, पुढे पत्र्याची ओसरी, चहूकडे कापूस आणि तूर, मागे माळ, खाली नदी. रोहिणीचे वडील किशनराव कमी बोलतात. धाकटी पिंकी तिसरीत आहे आणि सगळ्यांचं मिळून ती एकटीच बोलते. रोहिणीच्या आईंनी, सगुणाबाईंनी, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि म्हणाल्या, "लय बरं झालं. आसराला आली लेक."

शुद्ध रूप 'आसऱ्याला'. माझे वडील, अण्णा, मुद्रितशोधक होते. दम्यामुळे मला चौथीपर्यंत त्यांनी घरीच शिकवलं, आणि सामान्यरूप चुकलं की ते लाल पेन्सिलीने गोल करत. पण आज त्यांनीसुद्धा पेन्सिल खाली ठेवली असती. ते आषाढात गेले. वसतिगृह दिवाळीला बंद, आणि मामी म्हणाल्या, पुढच्या वेळी नक्की ये. अण्णा गेल्यापासून मला कुणी 'लेक' म्हटलेलं नाही.

अण्णांचा नियम: जे पाहिलं ते आधी लिही, जे वाटलं ते वेगळं.

वाटलं: इतकं घेणं बरं दिसतं का? मी फक्त पेढ्यांचा एक पुडा आणला आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

उजाडताच नागेश, रोहिणी आणि मी माळावर. काळविटांचा कळप पाहिला. नर काळाभोर, शिंगं पिळलेली, आमच्याकडे बघत उभा, आणि मग सगळा कळप एकदम हवेत. रोही पाहिले, म्हणजे नीलगाई, घोड्याएवढे, किशनरावांची तूर निवांत खात होते. नागेशने शिव्या घालत दगड भिरकावले. माझ्याकडे पाहून त्याने शेवटची शिवी अर्धीच सोडली. साळिंदराचा एक काटा सापडला, तो मी वहीत ठेवला आहे.

नागेशने ठसे ओळखायला शिकवलं. रानडुकराचा खूर, कोल्ह्याचा पंजा, मोराची तीन बोटं. मी प्रत्येक ठसा पुन्हा पुन्हा विचारून खात्री करत होते, तर तो म्हणाला, "मास्तरीणबाई, डुकराला शुद्धलेखन येत न्हाई. जसा पाय पडंल तसा पडंल."

खाली नदीला एक डोह आहे. पाणी शांत, हिरवट, काठाला मऊ गाळ. गाळात ठसे छान उमटले असतील म्हणून मी धावत गेले. एकही नव्हता. काठापासून बऱ्याच अंतरावर सगळे ठसे वळलेले. काळवीट, डुक्कर, कोल्हा, सगळ्यांनी एकाच रेषेवरून पाठ फिरवलेली, जणू तिथे कुंपण आहे. बगळासुद्धा नाही. मी कारण विचारलं. नागेश म्हणाला, पानी खोल हाय. रोहिणी रेषेच्या अलीकडेच उभी होती. मी हाक मारली तरी पुढे आली नाही.

वाटलं: तिला पाण्याची भीती असावी. मार्गशीर्षात तिचं लग्न आहे, सासर गोदावरीच्या काठचं आहे. कसं होणार तिचं? हे चिडवायचं म्हणून लिहून ठेवते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. दुपारी आभाळ काळं झालं आणि वादळ सुटलं. कापसाची बोंडं झडली. विजेचा खांब पडला, त्यामुळे दिवे गेले. फोन तसाही इथे लागत नव्हता, आता बंद पडला.

पणत्यांच्या उजेडात किशनराव मला 'रोहिणी, तांब्या दे' म्हणाले. अंगावर तिचाच ड्रेस, मीही तांब्या दिला. सगळे हसले. मी चूक दुरुस्त करणार, तोच सगुणाबाई म्हणाल्या, "आसू दे गं. ही बी रोहिणीच. कायला लाजायलीस?" मग तोच खेळ झाला. रोहिणी, करंजी घे. रोहिणी, इकडं बस. मी प्रत्येक वेळी 'ओ' देत होते.

रोहिणी हसली नाही. नंतर लक्षात आलं, संध्याकाळपासून तिला तिच्या नावाने कुणीच हाक मारलेली नाही. तिला 'ए पोरी' म्हणतात.

वाटलं: मी तिची जागा घेतली असं तिला वाटलं असेल. उद्या माफी मागेन.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. माफी मागायला गेले तर रोहिणीने मलाच मिठी मारली आणि रडली. म्हणाली, तिला अडचण आली आहे, ओवाळता येणार नाही. नागेशला मी ओवाळावं, पण तिच्या नावाने.

मी म्हटलं, पिंकी आहे की. सगुणाबाई म्हणाल्या, थोरल्या लेकीचा मान थोरलीलाच.

मी ओवाळलं. सगुणाबाईंनी सांगितलं तसं मोठ्याने म्हटलं, "मी रोहिणी किशनराव, भावाला ओवाळते." नागेशने ताटात ओवाळणी टाकली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. एरवी त्याची जीभ थांबत नाही.

एक गोष्ट लिहायला नको वाटते, पण पाहिलेलं ते लिहायचं. वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहतो. रोहिणीची अडचण दसऱ्यानंतर येऊन गेली. सहामाही परीक्षेच्या पेपरला ती पोटात दुखतं म्हणून अर्ध्यातून उठली होती. इतक्या लवकर परत कशी?

ती खोटं का बोलेल?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पाऊस. भर पावसात डोहावर गेलो. दिवाळीनंतर थोरल्या लेकीने तिथे खण-नारळ ठेवायचा असतो. रोहिणीला 'चालत नाही', म्हणून पुन्हा मी, पुन्हा तिच्या नावाने. तिची हिरवी साडी, हिरव्या बांगड्या.

काठावर शेंदूर लावलेले सात दगड मांडले आहेत. रविवारी ते मला दिसले नव्हते, किंवा गाळात असतील. खण ठेवून मी वाकले तेव्हा मागे सगुणाबाई पाण्याशी बोलत होत्या. देवाशी बोलावं तसं नाही, सावकाराशी बोलावं तसं. "तुजी तुला आनली, माय. रोहिणी आनली. आता आमचं काई न्हाई."

वर वळले तर सगळे त्या रेषेपलीकडे उभे होते. मी एकटीच आत होते.

साडी बदलू दिली नाही. ओली आहे. छातीत घरघर.

२५ ऑक्टोबर, शनिवार

ओढ्याला पूर. वाट बंद, फक्त ट्रॅक्टर निघेल.

ओसरी पत्र्याखाली आहे, पाऊस आत येत नाही. तरी सकाळी ओसरीवर ओल्या पावलांचे ठसे. अनवाणी, लहान, बायकांचे. माझ्या दारापर्यंत आलेले. परत गेलेले नाहीत. सगुणाबाईंनी ते पुसले, जसं रोजचं असावं.

मग अंगणाबाहेर बघायला गेले. चिखलात डुकरांचे खूर, मोराची बोटं. सगळे आमच्या तुरीपर्यंत आलेले आणि वळलेले. एकाच रेषेवर. माळावर काळविटांचा कळप पावसात उभा, आखाड्याकडे पाठ करून.

डोहाभोवती होतं ते कुंपण आता घराभोवती आहे.

घराभोवती नाही. मी चालत गेले तशी—

काळवीट मागे सरकले. नागेश एकटा गेला तेव्हा नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार, सकाळ

पिंकीने सांगितलं. भाकरी खाता खाता, सहज. म्हणाली, रोहिणीताईचं लगीन आता होणार ना, आता तर तू जायलीस आसराला.

मी म्हटलं, आसऱ्याला तर मी आलेच आहे.

ती खदाखदा हसली. "तसं न्हाई गं येडे! आसरा म्हंजे बाया. डोहातल्या. ताई ल्हानपनी बुडली व्हती, तवा त्यांनी सोडली. आय बोलली व्हती, लगनाच्या आदी तुजी तुला देते."

आसरा. स्त्रीलिंगी, विशेषनाम. सीताला तसं आसराला.

सामान्यरूप चुकलेलं नव्हतंच. अण्णा, तो दुसरा शब्द होता. पहिल्याच दिवशी त्यांनी तोंडावर खरं सांगितलं आणि मी व्याकरण तपासत बसले.

रोहिणीला गोठ्यात गाठलं. विचारलं, हे खरं आहे का. ती शेण काढत राहिली. विचारलं, बॅग मुद्दाम पाडली? विचारलं, मला कुणी शोधणार नाही म्हणून मला निवडलं? दोन वर्षं एका ताटात जेवलो. अण्णा गेले तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. तेव्हाच ठरवलं होतं?

शेवटी म्हणाली, तेव्हा नाही.

मग म्हणाली, "मला जगायचंय गं, सविता."

किती दिवसांनी ते नाव ऐकलं. क्षणभर मला कळलंच नाही, ती कुणाला म्हणतेय.

दुपार

ते गेले. ट्रॅक्टरवर सगळे. किशनराव म्हणाले पाणी चढायलंय, आधी पिंकीला गावात पोचवतो, मग तुला न्यायला येतो. मी ट्रॉलीला धरलं. नागेशने बोटं सोडवली, एकेक, हळू, जणू दुखू नये म्हणून. सगुणाबाईंनी माझी दृष्ट काढली. कडी बाहेरून लावली.

रोहिणी पाठ करून बसली होती. काळविटांसारखी.

खिडकीला गज आहेत. ओरडून बघितलं. दम लागतो.

नंतर

दुपारच आहे, पण उजेड नाही. कापसात कुणीतरी चालतंय. वारा थांबलाय, झाडं हलतात ती एका ओळीत—

हिरव्या साड्या. केस मोकळे. पाऊस पडतोय आणि त्या पावसाआधीच ओल्या.

सात.

हाका मारतात. सगुणाबाईंच्याच आवाजात. मायेने. रोहिणी. रोहिणी ग. ये लेकी.

माझं नाव त्यांना ठाऊक नाही. म्हणजे मार्ग आहे. खरं सांगायचं. मी ती नाही, तुम्हाला फसवलंय, ती गावात गेली ट्रॅक्टरवर. सांगितलं की त्या तिच्याकडे जातील. तिला जगायचंय म्हणाली.

मलाही.

दोन वर्षं एका ताटात—

नाही. सांगते. अण्णा, चूक ती चूक. गोल करायचा.

ओसरीवर पावलं. दाराखालून पाणी येतंय. गार. वहीची कड भिजली

कडी काढली त्यांनी

आधी लिहिते, मग मोठ्याने वाचून दाखवीन, म्हणजे जीभ फिरणार नाही. मी किशनरावांची लेक नाही. मी नाशिकची. मी खोटं ओवाळलं. माझं नाव रो