वरच्या खिंडीचा पत्ता

सोमवार. तारीख लिहायची तर कॅलेंडर तुझ्या बाबाच्या खोलीत आहे, आणि तो आत दार लावून बसलाय.

माझ्या भिंगरीला आजीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही सगळे मजेत. अक्षर गिचमिड आहे, चालवून घे. तिसरीत शाळा सुटली ती सुटलीच.

अगं, गल्लीत माझा भाव काय वाढलाय म्हणून सांगू! शिंपीदादा म्हणाले, "आजी, नात सगळी डोंगररांग या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतेय म्हणे. एकटी?" मी म्हटलं, "एकटी कशाला? दोन पाय आहेत की सोबतीला!" हसले, आणि तुझ्या मोज्यांच्या टाचांना आतून मऊ कापड लावून दिलं. तेच मोजे या पार्सलमध्ये आहेत, मलमही आहे. वरच्या खिंडीतल्या मुक्कामघरी पोचलीस की मागून घे. तिथला राखणदार बोलायला भला वाटला. मीच फोन केला होता. सहज.

सहज म्हणजे, तू अजून पोचली नाहीस ना, म्हणून.

तुझ्या पाठपिशवीतल्या यंत्राचा तो निळा ठिपका आईच्या फोनात दिसतो, तो परवापासून ओढ्यापाशीच थांबलाय. आई म्हणते, बॅटरी संपली असेल. असं म्हणते आणि भाजीत दुसऱ्यांदा मीठ घालते. आणि तुझा बाबा! "अर्ध्यातनं परत येशील, लिहून देतो," असं तोंडावर म्हणाला होता ना तुला? आता कपाटातून लग्नातले बूट बाहेर काढून बसलाय, म्हणे तुला शोधायला निघतो. त्या बुटांनी आपला जिना उतरला तरी पुष्कळ.

खरं सांगू? तू निघालीस तेव्हापासून मीही मनात हेच घोकतेय, राहू दे बाई ते टोक, ये परत.

थांब, आई हाका मारतेय.

आले. भिंगरे, ठिपका हलला गं! आम्ही सासवा-सुना एकमेकींच्या गळ्यात पडलो. मग नीट पाहिलं, तर तो मागे चाललाय, खालच्या गावाकडे. आणि किती सावकाश! ठिपका काही लंगडत नाही, ठाऊक आहे मला, पण मला तो लंगडताना दिसतो.

बाबा बाहेर आला. वाटलं, आता म्हणणार, "सांगत नव्हतो?" तर फोनवरची नजर न काढता म्हणतो, "ओढ्याला पाणी असेल. वळसा घालून जाईल ती."

आई विचारतेय, पार्सल खालच्या गावी पाठवायचं का. मी वरच्या खिंडीचाच पत्ता घातलाय. दमली असशील, दुखलंखुपलं असेल, तर सरळ घरी ये. तुला कुणी काही विचारणार नाही, बाबा तर नाहीच. मोजे राखणदार देईल परत धाडून. पण तू वर पोचलीस आणि तिथे तुझ्या नावाचं काहीच नसलं, तर?

फोन मांडीवर घेऊन बसलेली,
तुझी आजी